लेन्स कोणी पाडली

दातवाले दमले होते. तसे ते गेली पाच-सात वर्षं दमलेलेच होते, पण त्या सोमवारी अंगात अगदीच त्राण उरलं नव्हतं. सकाळपासून तीन कॅप परत आल्या होत्या. तिन्हींवर डॉक्टरांची तीच चिठ्ठी होती: कड बसत नाही, पुन्हा करा.

दातवाले हे काही त्यांचं खरं नाव नव्हे, पण गल्लीत तेच चालायचं, कारण ते दात करायचे. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेतात आणि डबीत घालून पाठवून देतात. त्यावरून प्लास्टरचा जबडा ओतणं, मेणाचा दात कोरणं, मग खरी कॅप किंवा कवळी घडवणं, हे सगळं कुठल्यातरी इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर बसून दुसरीच माणसं करतात आणि पेशंट त्यांना कधी बघत नाही. दातवाल्यांनी अशी चौतीस वर्षं काढली होती. भुवयांत प्लास्टरची भुकटी आणि मान कायमची पुढे. अर्ध्या शहराला हसायची सोय करून दिलेला हा माणूस स्वतः हसला असता, तर शेजारीपाजारी काय झालं म्हणून विचारायला आले असते.

"माप धड घेता येत नाही आणि खापर फोडतात माझ्यावर," ते शेजारच्या टेबलावरच्या कवळीवाल्याला म्हणाले.

कवळीवाल्याने मान हलवली आणि आपलं घासकाम चालू ठेवलं. हे तो या महिन्यात चौथ्यांदा ऐकत होता. अलीकडे मापं बिघडली होती, प्लास्टर पूर्वीसारखं येत नव्हतं, टेबलावरचा दिवा मंद झाला होता. दातवाल्यांचं सगळं खरं धरायचं तर सगळं जग एकदमच बिघडलं होतं आणि फक्त ते तेवढे जागच्या जागी होते.

संध्याकाळी घरी आले, बूट काढायला दारातल्या स्टुलावर बसले आणि बसूनच राहिले. बायको आतून म्हणाली, "रविवारी जातायत ती."

"कोण?"

"कोण काय विचारता? भाऊजी. चार वाजता ट्रक येणार आहे. वखारच दुसऱ्या गावी हलवली म्हणे, मग क्रेन चालवणाऱ्याने इथे बसून काय करायचं? घर सोडलं त्यांनी."

दातवाल्यांनी एक बूट काढला. दुसरा हातात धरून म्हणाले, "तुला कोणी सांगितलं?"

"फोनने सांगितलं," बायको म्हणाली. दोघी जावा एकमेकींशी रोज बोलतात हे दातवाल्यांना माहीत होतं आणि त्यांना माहीत आहे हे बायकोलाही माहीत होतं. पण नऊ महिने घरात हे नाटक बिनबोभाट चाललं होतं, म्हणून कोणी मोडलं नाही.

नऊ महिने दोन सख्खे भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. एका लेन्सपायी.

ती लेन्स वडिलांची. वडिलांचा रोलवाला कॅमेरा कधीच गेला, पण लेन्स राहिली: सगळी धातूची, मुठीएवढी, हातात घेतली की मनगटाला कळावं अशी जड. तीन वर्षांपूर्वी दातवाल्यांनी एक जुना डिजिटल कॅमेरा घेतला, मधे बसवायची एक कडी मिळवली आणि वडिलांची लेन्स त्या परक्या कॅमेऱ्यावर चढवली. तिला मोटर नाही, वायर नाही, काही नाही. फोकस हाताने करायचा. रिंग फिरवताना बोटांना जो हलका अडसर लागतो, धूसर चित्र सावकाश एकत्र येतं आणि एका जागी टक्क उभं राहतं, त्यासाठी दातवाले आठवडाभर डॉक्टरांच्या चिठ्ठ्या सहन करायचे. रविवारी सकाळी कॅमेरा गळ्यात घालून निघायचे. सायकलींची चाकं, दाराच्या कड्या, बाकावर डुलक्या घेणारी माणसं. त्यांच्या चेहऱ्यावर एवढी शांतता तेव्हाच दिसायची.

आता कुठलाही छंदिष्ट माणूस थोडा आगाऊ असतोच, तसे हेही होते. स्वतःहून फोकस करणाऱ्या लेन्सवाल्यांना ते 'बटणदाबे' म्हणायचे. कॅमेऱ्यात एक सोय होती: जिथे फोकस आला तिथल्या कडांवर तो तांबड्या रेघा ओढून दाखवायचा. ती दातवाल्यांनी पहिल्याच दिवशी बंद केली. एवढी वर्षं केसाएवढी फट डोळ्यांनी हेरणाऱ्या माणसाला कॅमेऱ्याने फोकस शिकवावा, हे त्यांना झोंबलं. आणि भेटेल त्याला ते एक गोष्ट हमखास सांगायचे: "ही लेन्स लावली ना, की कॅमेऱ्याला वाटतं पुढे काहीच नाही. लेन्स नसली तरी फोटो काढ, असं मेनूत जाऊन त्याला बजावून ठेवावं लागतं. म्हणजे सगळा कारभार आपला."

तर झालं असं. धाकट्याच्या मुलीला कॉलेजच्या अर्जासोबत तिच्या चित्रांचे फोटो पाठवायचे होते. धाकट्याने लेन्ससकट कॅमेरा मागितला. दातवाल्यांच्या जिवावर आलं, पण पुतणीचं काम म्हणून दिला. आठ दिवसांनी कॅमेरा परत आला. त्या रविवारी दातवाले बाहेर पडले, समोरच्या इमारतीच्या विटांच्या भिंतीवर कॅमेरा रोखला, व्ह्यूफाइंडरला उजवा डोळा लावला आणि गार पडले. भिंतीच्या मधोमध विटांच्या ओळी वाकल्या होत्या. पाण्यातून बघावं तशी बारीक लाट, आणि फोकस काही केल्या टक्क उभा राहीना. फोटो घरी येऊन पाहिले तर मऊ, पुसट.

दातवाले तडक धाकट्याकडे गेले. "पाडलीस ना?"

"नाही रे दादा."

"आतली काच हललीय. पडल्याशिवाय हलत नाही."

"अरे, टेबलावरून खाली उतरली नाही ती. पोरीचे फोटो बघ की, कसे लख्ख आलेत."

फोटो बघायला दातवाले गेले नव्हते. ते कबुली घ्यायला गेले होते. ती मिळेना, तेव्हा त्यांनी बावन्न वर्षांच्या भावाला त्याच्या बायको-मुलीसमोर खोटारडा म्हटलं. लहानपणी फोडलेल्या दौतीपासून सगळा पाढा वाचला. धाकटा आधी हसला, मग ओरडला, मग गप्प बसला. दातवाले दार आपटून बाहेर पडले ते पडलेच.

आता बायको समोर उभी राहून म्हणाली, "मी रविवारी जाणार आहे. तुम्हाला यायचं तर या. आता ते लांब चाललेत. हे असंच ठेवून गेले तर तुम्हा दोघांच्या हयातीत मिटायचं नाही, एवढं सांगून ठेवते."

"त्याने एकदा कबूल करावं. मग माझं काही नाही."

"आणि नाही केलं तर?"

 दातवाल्यांच्या डोक्यात एक कल्पना आली आणि तिच्यामुळे त्यांना जरा तरतरी आली. पुरावा. पुरावा समोर ठेवला की धाकटा काय बोलणार? त्याला मान खाली घालावी लागेल, मग आपण मोठ्या मनाने माफ करू, आणि मग ट्रक खुशाल येऊ दे.

मंगळवारी त्यांनी अर्धा दिवस रजा टाकली आणि लेन्स दुरुस्त करणाऱ्या बाईंचं दुकान गाठलं. जिन्याखालची चिंचोळी जागा, टेबलावर हिरवं कापड, कापडावर एका ओळीत ठेवलेले नखाएवढे स्क्रू. बाई पन्नाशीच्या, कपाळावर भिंग चढवलेलं, मोजकं बोलणाऱ्या. वडिलांचं दुकान त्या चालवत होत्या.

"वडिलांची लेन्स, पडलेली आहे," दातवाले म्हणाले. "दुरुस्त झाली तर उत्तम. नाही झाली तरी चालेल, पण पडलेली आहे असं मला लेखी पाहिजे."

"लेखी?"

"भावाला दाखवायचंय."

बाईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि लेन्स ठेवून घेतली. "गुरुवारी या. कॅमेरा घेऊन या."

गुरुवारी दातवाले पुन्हा रजा टाकून गेले. लेन्स हिरव्या कापडावर पुसून ठेवली होती.

"पडलेली नाही," बाई म्हणाल्या.

"असं कसं?"

"पडली की पुढची कड दबते. हिची कड गोल आहे. आतल्या स्क्रूंवर कारखान्यात रंगाचा एकेक थेंब देतात, तो तडकतो. इथे एकही तडकलेला नाही. आतलं तेल वाळलेलं होतं, ते पुसून नवीन दिलं. बुरशीसुद्धा नाही. तुमच्या वडिलांनी फार जपलेली दिसते."

दातवाल्यांना राग आला. बाईंना काम जमलेलं नाही, एवढंच त्यांना यातून कळलं. ते म्हणाले, "मग मधे लाट दिसते ती कसली?"

"कसली लाट?"

"विटांच्या भिंतीकडे बघितलं की मधल्या ओळी वाकड्या दिसतात."

बाईंनी कपाळावरचं भिंग काढून खाली ठेवलं. "मधल्या? कडेच्या नाही?"

"मधल्या."

"लेन्स ओळी वाकवते ना, ती कडेला वाकवते. मधे नाही. मी तीस वर्षांत मधे वाकवणारी लेन्स पाहिली नाही. फोटोत दिसते ही लाट?"

"फोटोत नाही. फोटोत ओळी सरळच येतात, नुसत्या पुसट. कॅमेरा आतल्या आत सुधारून घेत असणार."

 बाई हळू आवाजात म्हणाल्या, "अहो, कॅमेरा काय सुधारणार? त्याला कुठे माहितीय पुढे लेन्स आहे ते?"

 तीन वर्षं भेटेल त्याला हेच तर दातवाले ऐकवत होते. कॅमेऱ्याला वाटतं पुढे काहीच नाही. सगळा कारभार आपला. आणि नऊ महिने रोज मनात भावाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करताना ही एवढीशी गोष्ट त्यांच्या डोक्यात शिरली नव्हती, कारण ती शिरली असती तर भाऊ सुटला असता.

बाईंनी त्यांच्या कॅमेऱ्यावर आपली दुसरी एक लेन्स चढवली आणि दाराबाहेरच्या जिन्याच्या लोखंडी गजांकडे बोट केलं. "बघा."

दातवाल्यांनी उजवा डोळा लावला. गजांच्या मधोमध लाट होती.

"आता कॅमेरा हलवू नका. नुसती नजर वरच्या कोपऱ्यात न्या. लाट कुठे आहे?"

लाट कोपऱ्यात गेली होती. जिकडे बघावं तिकडे ती आधीच पोचलेली असायची.

"आता डावा डोळा लावा."

दातवाल्यांनी आयुष्यात कॅमेऱ्याला डावा डोळा लावला नव्हता. नाक मधे आलं, चष्मा तिरका झाला, कसाबसा डोळा बसवला. गज एकामागोमाग एक ताठ उभे होते, रेघांच्या वहीसारखे. त्यांनी पुन्हा उजवा लावला. पुन्हा डावा. असं किती वेळा केलं कोण जाणे. बाई स्क्रू निवडत बसल्या होत्या.

"याचं काम माझ्याकडे होत नाही," शेवटी त्या म्हणाल्या. "डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. उद्यावर टाकू नका."

डोळ्यांच्या दवाखान्यात त्याच संध्याकाळी नंबर लागला. थेंब घालून बाकावर बसवलं, दिवे मारले, यंत्रात हनुवटी ठेवायला लावली. डॉक्टरीण बाई तरुण होत्या आणि त्याही दमलेल्या दिसत होत्या. त्यांनी कागदावर डोळा काढून दाखवला. उजव्या डोळ्याच्या पडद्याच्या मधोमध सूज आहे, आतून पाझरतंय. दोन्ही डोळे उघडे असले की डावा सांभाळून घेतो, म्हणून बऱ्याच जणांना पत्ताच लागत नाही. इंजेक्शनं सुरू करू. आहे ते टिकवायचा प्रयत्न करू. गेलंय ते किती परत येईल ते सांगता येत नाही.

"पहिल्यांदा कधी जाणवलं?"

"नऊ महिने झाले."

"मग तेव्हाच का नाही आलात?"

दातवाले काय सांगणार? मी भावावर रुसलो होतो, असं? "वेळ नाही मिळाला," ते म्हणाले.

घरी येऊन त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. लेन्सचं, बाईंचं, गजांचं, डोळ्याचं. बायको डोळ्याचं ऐकून रडली. रडून झाल्यावर तोंड धुऊन आली आणि म्हणाली, "रविवारी तुम्ही स्वतः त्यांना सांगायचं. मी मधे पडणार नाही. एवढे दिवस फार पडले."

"सांगेन."

शुक्रवारी आणि शनिवारी दातवाल्यांनी काम केलं. डावा डोळा मिटून कॅपची कड पाहिली, तर ती कुठे संपते तेच दिसेना. परत आलेल्या कॅप त्यांनी कुरकुर न करता पुन्हा केल्या. कवळीवाल्याने दोनदा विचारलं, "बरं नाही का?"

रविवारी दुपारी दोघं धाकट्याकडे पोचली, तेव्हा घर निम्मं खोक्यांत गेलं होतं. भिंतीवर जिथे चित्रं होती तिथे फिकट चौकोन राहिले होते. धाकट्याने कमरेला पट्टा बांधला होता. क्रेनच्या सीटवर बसून बसून त्याची कंबर कामातून गेली होती. या नऊ महिन्यांत त्याचे केस इतके पांढरे झाले होते की दातवाल्यांना ते बघून वाईट वाटलं.

"ये दादा," तो म्हणाला. जणू काल भेटले होते. "खुर्च्या बांधल्यात. त्या खोक्यावर बस, पुस्तकं आहेत, दबणार नाही."

दातवाले बसले. भावजय आणि बायको स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या. पुतणी खोक्यांवर मोठ्या अक्षरांत नावं लिहीत होती. दातवाल्यांनी वाटेत चार वाक्यं जुळवून ठेवली होती. पहिलं वाक्य ओठांवर आणलं, एवढ्यात धाकटाच बोलला.

"दादा, एक सांगायचंय. जायच्या आधी बोलून टाकतो. लेन्स माझ्याच हातून पडली होती."

 पुतणीचं पेन थांबलं.

"टेबलावरून सरकली," धाकटा जमिनीकडे बघत म्हणाला. "मी पायाने अडवायला गेलो, पण कड फरशीला लागलीच. बाबांची वस्तू. तुला काय तोंड दाखवू असं झालं, म्हणून नाही नाही म्हणत बसलो. आणि मग ते तसंच लांबत गेलं. चुकलं माझं. आता जाताना मनात ठेवू नकोस."

त्याला लहानपणापासून खोटं बोलता येत नव्हतं. नको इतके तपशील घालायचा. पाय काय, फरशी काय. त्या लेन्सवर एक ओरखडा नव्हता. दातवाल्यांना समोर लख्ख दिसत होतं की हा माणूस न केलेला गुन्हा पदरात घेतोय, कारण तो थकलाय, कारण चार वाजता ट्रक येणार आहे आणि त्याला भावाशी अबोला धरून जायचं नाहीये.

बोलायची वेळ हीच होती. दातवाल्यांनी बायकोकडे पाहिलं. ती त्यांच्याकडेच बघत होती.

आणि दातवाले म्हणाले, "जाऊ दे. झालं ते झालं."

शिवाय उठून धाकट्याच्या खांद्यावर हात ठेवला. माफ करणाऱ्याचा हात. इतकी सोपी वाट समोरून चालत आली होती, आणि त्यांना खरंच फार दमायला झालं होतं. भावजयीने सुटकेचा श्वास टाकला आणि चहा टाकायला वळली. बायकोने मान फिरवली आणि तिच्या मागे आत गेली. त्या पाठीकडे बघून दातवाल्यांना लाज वाटली, पण ती त्यांनी गिळली.

चहा झाला. धाकटा मोकळा होऊन बोलू लागला. नवीन घर तिसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट आहे, समोर झाडं आहेत. "तू ये दादा, कॅमेरा घेऊन ये, तिकडे पक्षी फार आहेत." दातवाले हो हो म्हणत होते. चहाला त्यांना चव लागत नव्हती.

"काका, कॅमेरा आणलायस ना?" पुतणी म्हणाली. "आमचा तिघांचा फोटो काढ. या घरातला शेवटचा."

नाही कसं म्हणणार? कॅमेरा पिशवीत होता. सवयीने आणला होता. तिघं फिकट चौकोनांच्या भिंतीपुढे उभी राहिली, धाकटा मधे. दातवाल्यांनी कॅमेरा उचलला, आणि तोही सवयीनेच उजव्या डोळ्याला गेला.

धाकट्याचा चेहरा नव्हता. खांदे होते, शर्टाची कॉलर होती, कमरेचा पट्टा होता, आणि त्यावर चेहऱ्याच्या जागी ओल्या बोटाने पुसल्यासारखा डाग. दातवाल्यांनी रिंग फिरवली. डाग हलला, पण सुटला नाही. त्यांनी नजर पुतणीकडे नेली, तर ती गेली आणि धाकटा थोडाफार परत आला. पुन्हा त्याच्याकडे वळले की तो पुन्हा गेला. कॅमेरा दुसऱ्या डोळ्याला लावणं सोपं होतं, पण हात तिथेच अडकला होता. रिंग पुढे, रिंग मागे. अर्धं मिनिट झालं. तिघं हसू धरून ताटकळली होती.

"दादा, होईल तसा काढ रे," पलीकडून धाकटा म्हणाला. आवाजात ओशाळेपणा होता. "नीट नाही यायचा, मला माहितीय. माझ्यामुळेच बिघडलीय ती."

दातवाल्यांनी कॅमेरा खाली घेतला.

"लेन्स चांगली आहे," ते म्हणाले. "दाखवून आणली. ती कधी पडलीच नाही. तू पाडली नाहीस."

धाकटा हसू तसंच ठेवून उभा होता.

"डोळा गेलाय माझा. उजवा. मधोमध काही दिसत नाही. आत्ता तुझं तोंड दिसत नव्हतं मला."

"काय बोलतोयस?" धाकटा पुढे आला. "कधीपासून? डॉक्टरला दाखवलंस? काय म्हणाला?"

"इंजेक्शनं देणार आहेत. उशीर झाला म्हणाल्या. तू कॅमेरा परत दिलास ना, तेव्हापासूनच होतं ते. मी तुझ्यावर घातलं."

"उशीर झाला म्हणजे? पूर्ण जाणार का?"

"ठाऊक नाही."

धाकट्याने दोन्ही हातांनी त्यांचे दंड धरले आणि त्या उजव्या डोळ्यात वाकून पाहिलं, जणू बाहेरून काही दिसणार होतं. मग हळूहळू त्याची पकड सैल झाली. काहीतरी त्याच्या ध्यानात येत होतं.

"तुला हे कधी कळलं?"

"गुरुवारी."

"म्हणजे मघाशी मी कबूल केलं, तेव्हा तुला ठाऊक होतं?"

दातवाल्यांनी लेन्सवर झाकण बसवलं.

"दादा, ठाऊक होतं का?"

"होतं."

"आणि तू माझ्या खांद्यावर हात ठेवलास."

 भावजय आपल्या नवऱ्याला आवरायला पुढे झाली, पण दातवाल्यांच्या बायकोने तिचा हात धरला. धाकटा भिंतीकडे तोंड करून थोडा वेळ उभा राहिला. पाठ वरखाली होत होती. रडतोय की संतापलाय ते कळत नव्हतं, आणि बहुतेक दोन्ही होतं. दातवाल्यांना त्याच्या जवळ जावंसं वाटलं, पण ते जागचे हलले नाहीत. मघाचा हात अजून त्यांनाच जड झाला होता.

धाकटा वळला. डोळे लाल झाले होते.

"उजवा झाक," तो म्हणाला.

"अं?"

"उजव्यावर हात ठेव आणि माझ्याकडे बघ."

दातवाल्यांनी उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला. समोर धाकटा होता. पांढरे केस, डोळ्यांखालच्या पिशव्या, दाढीचे खुंट, वडिलांसारखं रुंद कपाळ आणि त्यावर घाम. एकेक गोष्ट जागच्या जागी.

"दिसतोय का मी?"

"दिसतोस."

"मग बघून घे नीट. मला राग आलाय, आणि तो लवकर जायचा नाही. पण इंजेक्शन कधी आहे त्याची तारीख कळव. मी येणार आहे."

खाली ट्रकचा हॉर्न वाजला. धाकटा कमरेचा पट्टा घट्ट करून पुस्तकांच्या खोक्यापाशी वाकला. दातवाल्यांनी कॅमेरा बायकोच्या हातात दिला, खोक्याची दुसरी बाजू धरली आणि भावाकडे पाहिलं. धाकटा त्यांच्याशी बोलला नाही, पण नकोही म्हणाला नाही. दोघांनी मिळून खोकं उचललं.